माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला?

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले, डार्विन चुकीचा आहे; माकडाचा माणूस होताना कुणी पाहिलेला नाही. नाशिकमधले माझे काही रुग्णही हेच म्हणतात.

मुळात आजचं माकड माणूस झालं, असं उत्क्रांती सांगतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, असं ती सांगते.

डोळ्यांदेखतची उत्क्रांती हवी असेल, तर क्षयरोग बघा. गोळ्या अर्धवट सोडल्या, की बरेच जंतू मेलेले असतात. पण जन्मतःच औषधाला दाद न देणारे थोडे उरतात, तेच वाढतात. मग ते औषध लागू पडत नाही.

देवावर श्रद्धा जरूर ठेवा, माझीही आहे. मात्र बरं वाटलं तरी डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करा.