चार पेन्सिल सेलवर चालणारा कॉम्प्युटर

आज एका चाळीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरबद्दल लिहितोय. नाव टीआरएस-८० मॉडेल १००. १९८३ साली अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांत तो विकायला आला. बनवला होता जपानच्या क्योसेरा कंपनीनं. जाडजूड वहीएवढा आकार, वजन दीड किलोच्या आत. स्क्रीनवर आठ ओळी आणि एका ओळीत चाळीस अक्षरं. बस्स.

आजच्या पोरांना दाखवला तर हसतील. पण तिकडचे हौशी लोक अजून तो जपतात, दुरुस्त करतात, त्यावर लिहितात. का?

मी नव्वदच्या दशकात तालुक्याचा वार्ताहर होतो. बातमी हातानं लिहायची, पाकिटात घालायची आणि शेवटच्या एसटीच्या कंडक्टरकडे सोपवायची. गाडी चुकली की बातमी शिळी. त्यामुळे अमेरिकेतल्या वार्ताहरांनी या डबड्यावर एवढा जीव का लावला, हे मला लगेच उमगलं.

त्याला लागायचे चार पेन्सिल सेल. कुठल्याही दुकानात मिळणारे. त्यावर तो वीसेक तास चालायचा. बटण दाबलं की लगेच सुरू, वाट बघणं नाही. बंद केला तरी लिहिलेलं जागेवर. कीबोर्ड टाइपरायटरसारखा ऐसपैस. आत फोनच्या तारेवरून मजकूर पाठवायचा मोडेम. वेग सेकंदाला साधारण तीस अक्षरं, म्हणजे तीन हजार अक्षरांची बातमी दोन मिनिटांच्या आत कचेरीत पोचणार.

आतलं सगळं सॉफ्टवेअर ३२ केबीत बसवलेलं. सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर येणारा एखादा 'शुभ सकाळ'चा फोटोही त्याहून मोठा असतो! त्यातला बराचसा कोड खुद्द बिल गेट्सनं लिहिलेला. इतकं हातानं लिहिलेलं आपलं हे शेवटचं काम, असं त्यानं पुढे सांगितलंय.

उणिवा होत्याच. स्क्रीन अंधारात दिसायची नाही, मेमरी तुटपुंजी, देवनागरीचा तर पत्ताच नाही. पण फिरतीवर असलेल्या माणसाला काय लागतं, याचा विचार आधी करून मग ते यंत्र बनवलं होतं. माझ्या मते त्याची मोहिनी टिकली ती यामुळेच.

आता आपल्याकडे बघा. फिरतीवर काम करणारी माणसं आपल्याकडेही आहेत. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. फोन तापतो, अडकतो, मेमरी पुरत नाही, दुरुस्तीचा खर्च आमच्याच माथी, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. आधीच मानधन ते केवढं! ज्या बाईनं गावातल्या पोरांची वजनं नोंदवायची, तिनं आधी फोनशी झगडायचं. हे फोन निवडताना तिला कोणी विचारलं असेल का?

युरोपनं कायदा केलाय. फेब्रुवारी २०२७ पासून तिथं बहुतेक उपकरणांची बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनंही २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. चांगलंच आहे. पण पोर्टलवर माहिती असून भागत नाही, खरेदीच्या टेंडरमध्ये अट पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. आपल्या पैशातून शाळेला टॅब, सेविकेला फोन, तलाठ्याला लॅपटॉप घेताना तीन प्रश्न विचारा. बॅटरी तालुक्याच्या बाजारात मिळते का, बदलता येते का? रेंज नसताना काम चालतं का? बिघडला तर पैसे कोण भरणार?

१९८३ च्या त्या डबड्याकडे पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं होती. तिसऱ्याचं उत्तर मात्र सरकारनं द्यायचं आहे, आणि ते ग्रामसभेत विचारायचं काम आपलं.

तुमच्या गावच्या शाळेत वाटलेले टॅब आज चालू आहेत की कपाटात? खाली कमेंटमध्ये गावाच्या नावासकट लिहा.