बोलपट आणि माझा आजा

आमच्या चिखल्यात मँगनीजची खाण. आजा तिथंच खपला. आजी वर उन्हात बसून हातोडीनं धोंडे फोडायची, टोपल्यानं वाहायची. या दोघांचं लग्न जुळलं ते एका सिनेमाच्या गाण्यानं.

तो सिनेमा 'आलम आरा'. हिंदुस्थानातला पहिला बोलपट. अर्देशीर इराणींनी काढला, 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला. राजपुत्र आणि भटक्यांत वाढलेली पोरगी यांची प्रेमकथा. सात गाणी. नायक मास्टर विठ्ठल, मराठी गडी. त्याला उर्दू नीट जमेना म्हणून त्याचं बोलणंच कमी केलं असं सांगतात. पहिल्या बोलपटाचा नायकच मुका!

तेव्हा 'मूकनायक' निघून अकरा वर्षं झाली होती. नाशकात काळारामाचा सत्याग्रह चालू होता. बाबासाहेब लंडनच्या गोलमेज परिषदेत आपल्यासाठी बोलून आले होते. पडदा बोलायच्या आधीच आपली माणसं बोलायला लागली होती.

आज्यानं तो सिनेमा नागपुरात पाहिला, असं तो सांगे. त्यातलं फकिराचं भीक मागायचं गाणं खाणीच्या वाटेवर आजीच्या मागं मागं म्हणायचा. एक दिवस आजीनं डोक्यावरचं टोपलं खाली आदळलं. "भीक कायले मांगतं रे? हात हायेत ना तुले? उचल हे." यानं उचललं. तेच लग्न. सांगताना आजा खोकला येईस्तोवर हसायचा.

1982 साली मी चळवळीत होतो. मंडळानं वर्गणी काढून टेपरेकॉर्डर आणला. पुढाऱ्यांची भाषणं भरायचो. आजा म्हणाला, "बाबू, माह्यं गाणं बी भर ना."

मी खेकसलो, "आजा, समाज जळून रायला अन् तुले प्रेम सुचते? भिकाऱ्याचं गाणं कॅसेटवर नाही जात."

आजा काहीच बोलला नाही. पुढल्या पावसाळ्यात गेला.

'आलम आरा'ही आज कुठंच नाही. त्या काळची फिल्म पटकन पेट घ्यायची, कुजायची, चांदीसाठी गाळलीही जायची. पुण्याचं सरकारी चित्रपट संग्रहालय निघालं 1964 ला. तिथंही तो सिनेमा मिळाला नाही. फोटो उरले, जाहिराती उरल्या, गाण्यांचे बोल उरले. त्यासाठी हळहळणारे पुष्कळ आहेत.

माझ्या आज्याचा उरला फक्त हजेरीवरचा अंगठा. 1954 ला बाबासाहेब भंडाऱ्यातून पोटनिवडणूक लढले, हरले. त्या प्रचारात आजा-आजी पायी गावोगाव हिंडले होते, हे मला आजी गेल्यावर दुसऱ्याकडून कळलं. मी कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, चळवळ सभेत असते, घरात नसते.

त्या भाषणांच्या कॅसेटी अजून माझ्या ट्रंकेत आहेत. दोन-तीन ऐकल्या. बोलणारे नंतर कुठल्या कुठल्या पक्षात गेले.

पोरांनो, तुमच्या तर खिशातच यंत्र आहे. घरी म्हातारं माणूस असेल तर आज रात्री त्याच्यापाशी बसा. ते प्रेमाचं बोललं तरी बोलू द्या. मधे तोंड घालू नका.