दिसला! दिसला!

समुद्रकाठच्या माणसाला समुद्राचे फारसे कौतुक नसते. माझे मामा देवबागला होडी चालवतात. दिवाळीच्या सुट्टीत मी पर्यटकांना लाइफ जॅकेट बांधून देतो आणि समुद्रापेक्षा त्यांचेच निरीक्षण अधिक करतो.

होडीत पाय टाकण्यापूर्वीच प्रश्न येतो, "डॉल्फिन नक्की दिसणार ना? नाहीतर पैसे परत!" जणू मामांनी तो दावणीलाच बांधून ठेवला आहे! मग पाण्यावर पाठ दिसली रे दिसली, की चहूबाजूंनी होड्या धावतात. लोक होडीवाल्यांना दोष देतात. मला विचाराल तर होडी किती जवळ न्यायची, हे तिच्यात बसलेला माणूस ठरवतो.

आपल्या किनाऱ्यावर प्रामुख्याने दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. हा मासा नव्हे; श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. त्याचे घर किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात, म्हणजे नेमके आमच्या वाटेवर. स्वतःच्या आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून तो भक्ष्य शोधतो. इंजिनांच्या घरघरीत त्याने काय ऐकावे? मादीला एका वेळी एकच पिल्लू, तेही काही वर्षांच्या अंतराने. २०१३ साली आपल्या सरकारने डॉल्फिन कोंडून त्यांचे खेळ करण्यास मनाई केली, हे ऐकून पर्यटकही माना डोलावतात. आठ होड्यांचे रिंगण मात्र त्यांना कोंडणे वाटत नाही! न्यूझीलंडमध्ये १९९२ पासून नियम आहे : ३०० मीटरच्या आत एका वेळी तीनपेक्षा अधिक होड्या नकोत.

गेल्या दिवाळीत मादीबरोबर पिल्लू दिसले. मामांनी लांबच इंजिन बंद केले.

"अहो, जवळ घ्या! ती शेजारची होडी बघा कुठे गेली!" एक गृहस्थ गरजले.

"साहेबानू, तिच्याबरोबर बारीक पोर आसा. हयसूनच बघा."

गृहस्थ वाईट नव्हते. वर्षभर पैसे साठवून मुलांना घेऊन आले होते, आणि पैशांचा मोबदला ते अंतरात मोजत होते. त्यांच्या आई मात्र काठाला धरून शांत बसल्या होत्या. इंजिन थांबल्यामुळे "फूस्स" असा श्वास स्पष्ट ऐकू आला. "अगंबाई, दमलीय ती," त्या म्हणाल्या. मुलांच्या गलक्यात ते कोणी ऐकले नाही.

किनाऱ्यावर उतरल्यावर गृहस्थांनी ठरल्यापेक्षा शंभर रुपये कमी दिले आणि शेजारच्या होडीवाल्याचा नंबर उद्यासाठी लिहून घेतला. मामांचा इंजिनाचा हप्ता पाच तारखेला होता.