चोवीस रुपयांची बाकी

आमच्या बोर्डिंगचे गणिताचे सर वारली समाजातले होते. माजी विद्यार्थ्यांच्या स्मरणिकेसाठी त्यांच्यावर मी पूर्वी एकदा लिहिलं आहे. खरूज झालेल्या पोरांना स्वतः मलम चोळणारे सर, रविवारी भेटायला आलेल्या आईबापांचे अर्ज लिहून देणारे सर, मिस्साला शेवटच्या बाकावर बसणारे आणि वाघबारशीला न चुकता पाड्यावर जाणारे सर. त्यातलं सगळं खरं आहे. एक गोष्ट मात्र मी मुद्दाम गाळली होती. त्यांच्या थोरपणात ती बसत नाही, असं तेव्हा माझं मत होतं.

ती गोष्ट म्हणजे त्यांची वीटभट्टीची गणितं.

तलासरी पट्ट्यात कॅथलिक फादरांचं काम जुनं. तिथलं ज्ञानमाता सदन सगळ्यांना ठाऊक आहे. आमचं बोर्डिंगही फादरांचंच, फक्त मुलग्यांचं. बहुतेक पोरं वारली आणि कोकणा, थोडी कातकरी. मी भिवंडी तालुक्यातला आगरी, घरची भट्टी असलेला. बाबांनी मला तिथे घातलं ते शिस्त लागावी म्हणून. ज्यांचे आईबाप दिवाळीनंतर आमच्यासारख्यांच्या भट्ट्यांवर येतात, त्याच पोरांशेजारी आपला मुलगा जेवायला बसणार, हे त्यांच्या डोक्यातही आलं नसावं.

सर फळ्यावर लिहीत: एक जोडपं दिवसाला १००० विटा थापतं. आठवड्याचे सहा दिवस, असे २४ आठवडे. हजाराला ६० रुपये. पावसाळ्यात घेतलेली उचल ३००० रुपये, दर आठवड्याची खर्ची २०० रुपये. हिशेब करा. पोरं भराभर करत. मजुरी ८६४०, खर्ची ४८००, उचल वजा जाता जोडप्याच्या हातात ८४० रुपये. मग सर खडू उचलून खाली एक ओळ वाढवत: शेटने शंभराला दहा विटा तूटफूट धरल्या. पुन्हा करा. आता ८६४ रुपये कापले जात आणि जोडप्याच्याच अंगावर २४ रुपये निघत. वर्गात कोणी हसत नसे. सर एवढंच विचारत, “आता ही दोघं पुढल्या वर्षी कुठे जातील?” कातकऱ्याचा एक पोरगा दर वेळी उत्तर द्यायचा: “त्याच शेटकडे.”

मला याचा राग येई. सरांवर जीव होता म्हणून जास्तच येई. गणितात आगगाड्या असाव्यात, पाण्याच्या टाक्या असाव्यात. कोणाच्या घरची वही फळ्यावर कशाला? तो मुलूख लाल बावट्याचा, १९४५ च्या वारल्यांच्या उठावाचा. त्या उठावाचे पुढारी गोदावरी आणि शामराव परुळेकर यांची नावं तिथल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी असत. सर वर्गात राजकारण आणतात, असं मी ठरवून टाकलं. सुट्टीत घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, “मास्तर हुशार हाय, पन आमचा पाऊस पन मोज म्हनावं त्याला.” तेही खोटं नव्हतं. अवकाळी पाऊस आला की कच्च्या विटांचा चिखल होतो आणि त्यात मालकाचंही नुकसान होतं.

हे मत मी बरीच वर्षं बाळगलं. १९७६ चा वेठबिगारी निर्मूलन कायदा होता, विवेक पंडितांची श्रमजीवी संघटना वसई-भिवंडीत वेठबिगार सोडवत होती, भट्ट्यांवरच्या झोपड्यांत भोंगा शाळा भरू लागल्या. तरीही मला हे सगळं शाळेच्या बाहेरचं वाटत राहिलं. कायद्याने माझं मत हललं असं म्हणालो तर तो खोटेपणा होईल.

बाबा आजारी पडल्यावर भट्टीच्या हिशेबाची वही माझ्याकडे आली, तेव्हा ते हललं. तुटीचा रकाना रोजच्या रोज भरलेला नव्हता. हंगाम संपताना, वैशाखात, एकाच बैठकीत सगळ्यांचा भरलेला होता. जे जोडपं चांगलं थापतं त्याची तूट जास्त, जे आळशी त्याची कमी. याचा पावसाशी काही संबंध लागेना. चांगल्या हातांची उचल फिटू द्यायची नाही, एवढंच त्यात होतं. बाबा दुष्ट नव्हते. त्यांच्या वडिलांनी वही अशीच ठेवली होती आणि शेजारच्या भट्टीवर आजही वेगळी ठेवत असतील असं मला वाटत नाही.

म्हणजे सरांनी एकही आकडा फुगवला नव्हता. राजकारण होतं ते आमच्या वहीत; सर त्याची फक्त वजाबाकी करवून घेत होते. आता मला वाटतं, त्या वर्गात खरं गणित तेवढंच शिकवलं गेलं. आगगाड्यांची उदाहरणं मी केव्हाच विसरलो.

हल्ली फुटलेल्या विटा आठवड्याला थापणाऱ्यासमोर मोजतो आणि त्याच्याकडेही वही असते. तूट निम्म्याहून खाली आली. भट्टीत माझ्याबरोबर असलेल्या भावाला हे पटत नाही, पण तो आकड्यांशी वाद घालत नाही. उचलीवरून मात्र आमचं दरवर्षी वाजतं. मी म्हणतो बंद कर, तो म्हणतो श्रावणात यांच्या घरी तांदूळ कोण घालणार, आणि उचल नाही दिली तर माणसं दुसऱ्या भट्टीवर जातील. दोन्ही म्हणणी खरी आहेत. सरांच्या फळ्यावरही उचल कायम दिलेलीच असायची, ३००० रुपये. ती न देता वर्ष कसं काढायचं, हे गणित त्यांनी आम्हाला कधी घातलं नाही.