परत आलेली वस्तू

दिवाळीआधीची साफसफाई हा आमच्या घरातला एक वार्षिक खटलाच असतो. माळे आणि खण साक्षी देतात, पत्नी न्यायासनावर बसते आणि आरोपी अर्थातच मी. यंदा माझ्या टेबलाच्या खालच्या खणातून चार जुने मोबाइल निघाले. ‘हे परत द्यायचे,’ असा निकाल लागला. नवा घेताना जुना परत केला, की किमतीत सूट मिळते, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. फोन पिशवीत भरता भरता पत्नीने कुजबुजत विचारले, “आईंचाही द्यायचा का यात? किती जुना झालाय!”

मी क्षणभर गप्प राहिलो. त्या फोनने मला एकदा चांगलीच अद्दल घडवली आहे.

चार वर्षांपूर्वी पाडव्याला मी आईसाठी मोठ्या आकड्यांचा एक फोन आणला. आठ दिवसांत तिची तक्रार सुरू झाली. “अरे, यातून माणसाचा आवाजच नीट येत नाही. विहिरीतून कोणी बोलल्यासारखं वाटतं.” आम्ही फोन कानाला लावून पाहिला. आवाज खणखणीत! तरी तिच्या समाधानासाठी मी तो दुकानात परत देऊन दुसरा आणला. त्याचेही तेच दुखणे. मग घरात एक सोयीस्कर मत तयार झाले. मुलगा म्हणाला, “आजीला वापरता येत नाही.” मी म्हणालो, “या वयात नवं यंत्र जड जातंच.” आईने तक्रार करणे सोडले. नागपूरहून बहिणीचा फोन आला, की ‘तूच बोल’ म्हणून ती तो माझ्या हातात द्यायची. शेवटी बहिणीनेच मला विचारले, “दादा, आई माझ्यावर रागावली आहे का?”

दुसऱ्या दिवशी मी फोन आणि आई, दोघांनाही घेऊन कंपनीच्या दुरुस्ती-केंद्रात गेलो. टेबलामागे पंचविशीतली एक मुलगी होती. तिने आवाज, माइक, पडदा, बॅटरी सारे एकेक करून तपासले आणि म्हणाली, “काका, यात काहीही दोष नाही. पहिल्यातही बहुधा नसेल. परत येणाऱ्यांतले पुष्कळ फोन धडधाकट असतात. कुणाला वापर जमत नाही, कुणाचा विचार बदलतो. म्हणून परत आलेल्याला आम्ही आधी बिघडलेला म्हणत नाही. आधी तपासतो.”

मग मान खाली घालून, फोन पुसता पुसता, तिने सहज विचारले, “आजी, पाणी देऊ का?”

आईने माझ्याकडे पाहिले. “काय म्हणते रे ती?”

त्या मुलीने वर पाहिले, पण ती काही बोलली नाही. बोलण्याची गरजच नव्हती. पुढच्या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांनी सांगितले, की दोन्ही कानांनी ऐकू येणे बरेच कमी झाले आहे. आम्ही दोन वेळा यंत्राला दोष दिला, तिसऱ्यांदा आईच्या बुद्धीला. तपासले मात्र कोणीच नव्हते.

तेव्हापासून परत आलेल्या वस्तूंचे कारखानदार पुढे काय करतात, याचे मला कुतूहल लागले. सॅमसंगच्या ‘गॅलॅक्सी नोट ७’ची कथा तर ऐकण्यासारखी आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये हा फोन बाजारात आला आणि पेट घेऊ लागला. कंपनीने सप्टेंबरमध्ये फोन परत मागवले. बदली म्हणून दिलेलेही पेटले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये उत्पादनच थांबवले. परत आलेल्या लाखो फोनांचा ढीग साचला. एवढ्या बदनामीनंतर ते सरसकट मोडीत काढावेत, असेच कोणालाही वाटले असते. पण तपासाअंती दोष सापडला तो बॅटरीत. बाकीचा फोन निर्दोष होता. पर्यावरणवाद्यांनीही कंपनीला स्वस्थ बसू दिले नाही. मार्च २०१७ मध्ये कंपनीने तीन पायऱ्या जाहीर केल्या. जे फोन नीट होतील ते नीट करून विकायचे. उरलेल्यांतले कॅमेरे आणि चिपा काढून पुन्हा वापरायच्या. आणि सर्वांत शेवटी जे राहील, त्यातून धातू काढायचे. त्याप्रमाणे जुलै २०१७ मध्ये दक्षिण कोरियात चार लाख फोन लहान बॅटरी बसवून, नव्या नावाने आणि कमी किमतीला विक्रीस आले.

या पायऱ्यांच्या क्रमात मोठे शहाणपण आहे. फोनमध्ये सोने असते, हे आपण कौतुकाने ऐकतो. पण ते किती? टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपानने २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत सुमारे ७९ हजार टन जुनी उपकरणे आणि शिवाय ६२ लाख मोबाइल गोळा केले. त्यातून सोने निघाले अवघे ३२ किलो! पदके झाली हे उत्तमच. पण चालता फोन भट्टीत घातला, तर हाती लागते ते गुंजभरही नसलेले सोने, आणि तो घडवण्यात ओतलेली सारी कारागिरी जळून जाते. वस्तूचे खरे मोल ती अखंड असण्यात आहे. ते राखायचे तर कोणीतरी टेबलामागे बसून एकेक वस्तू हातात घ्यावी लागते. वितळवणे सोपे, तपासणेच कष्टाचे. कारखानदार ते कष्ट नफ्यासाठी घेतो. घरात तर नफ्यातोट्याचाही प्रश्न नव्हता, तरी मी ते घेतले नाहीत, याची खंत अजून वाटते.

कानाला यंत्र लागल्यावर आईने पहिला फोन बहिणीला केला. दोघी तासभर बोलत होत्या. फोन तोच होता, दुरुस्ती-केंद्रातून जसाच्या तसा परत आलेला.

असो. पत्नी पिशवी घेऊन अजून उभी होती. तिच्या कुजबुजीला मी काही उत्तर देणार, तोच स्वयंपाकघरातून, चकल्यांच्या कढईपाशी बसलेल्या आईचा आवाज आला,

“अगं, माझा नाही हं द्यायचा! चांगला चालतोय तो!”