मंचरला यमक

भाचीचं सासर मंचरचं ठरलं आणि उखाण्याचं काम मामा म्हणून माझ्या गळ्यात पडलं. विहीणबाईंची अट एकच : गावाचं नाव शेवटी हवं. पुण्याला काय, उणे, धुणे, ओढूनताणून जुनेसुद्धा चालतं. नाशिक 'मासिका'वर निभावतं. पण मंचर? 'खेचर' सुचलं, ते वरातीत कसं आणणार? 'खंजीर' तर नकोच. सुरेश भटांची काफियाची शिस्त लावली असती, तर पोरगी बिनउखाण्याचीच नांदली असती. ज्ञानेश्वरीतल्या ओवीत तीन चरणांना यमक आणि चौथ्याला सुट्टी; पण उखाण्याच्या ओळीच दोन, चौथा चरण आणायचा कुठून?

शेवटी पुणे-नाशिक रस्ता धावून आला. 'पंक्चर'! त्यातला 'क्' आडवा येत होता. पण टायरवाल्याच्या पाटीवर तो कधीच नसतो. तिथे चक्क 'पंचर' लिहिलेलं असतं. शुद्धलेखनानं मोडलेलं यमक टायरवाल्यानं जोडून दिलं!

"राजगुरुनगर ओलांडलं अन् गाडी झाली पंचर,
अमुकरावांचं नाव घेते, आलं बाई मंचर!"

"शुभकार्यात पंक्चर कसलं?" म्हणून ताई रुसली. विहीणबाई मात्र गावाचं नाव ऐकून खूश. जावईबापूंनी तेवढं हळूच विचारलं, "मामा, स्टेपनी होती ना?"