कपाटातील पडून राहिलेला माल

संवत्सरीचे प्रतिक्रमण झाले, तपस्वींची पारणी आटोपली, की व्यापारी कुटुंबांत दोन कामे एकाच वेळी सुरू होतात. दुकानात दिवाळीच्या मालाची मागणी नोंदवली जाते आणि घरात कपाटे उघडली जातात. भाद्रपद सरून आश्विन लागण्याचा हा काळ कपड्यांच्या दृष्टीने मोठा अडचणीचा असतो. नगर-पुणे महामार्गावरील सुप्यासारख्या गावी तर एका दिवसात तीन ऋतूंची गाठ पडते. पहाटे स्थानकात जाताना अंगावर शहारा येतो, दुपारी पारा बत्तीस अंशांच्या आसपास जातो आणि संध्याकाळी परतीच्या पावसाची एखादी सर ध्यानीमनी नसताना गाठते. नगर जिल्हा पर्जन्यछायेत असल्याने येथे सप्टेंबरात चांगला पाऊस होतो. त्यामुळे छत्री आणि उन्हाळी कपडे, दोन्ही हाताशी ठेवावे लागतात. अशा दिवसांत भरलेल्या कपाटासमोर उभे राहून “घालायला काही नाही” असे म्हणण्याची वेळ अनेक घरांत येते.

सुप्याच्या पेठेत तीन पिढ्यांचे कापड दुकान असलेल्या एका कुटुंबात हीच तक्रार झाली. मात्र ती वेगळ्या वळणाने गेली. घरातील सूनबाई वाणिज्य शाखेच्या पदवीधर असून औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात. पितृपंधरवड्यात गिऱ्हाईक नवे कापड घेत नाही, म्हणून दुकानही थोडे निवांत होते. त्यांनी एका रविवारी आपले कपाट रिकामे करून प्रत्येक कपड्याची नोंद वहीत केली. एकूण कपडे ११८ भरले. मागील महिनाभरात प्रत्यक्ष अंगाला लागलेले मात्र १९ निघाले.

ती वही त्यांनी सासऱ्यांपुढे ठेवली. “बाबूजी, दुकानात वर्षभर न हललेल्या मालाला तुम्ही काय म्हणता?” या प्रश्नाचे उत्तर सांगण्याची आवश्यकताच नव्हती. पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल, हे व्यापाऱ्याच्या मुलाला दहाव्या वर्षीच कळते. कॅश क्रेडिट खात्यावर कर्ज देणारी बँक दरमहा मालाचे विवरणपत्र मागते आणि जुना, न खपणारा साठा तारणाच्या हिशेबात धरत नाही, तो याच कारणाने. दुकानातील एकेका ताग्याचा हिशेब ठेवणारा माणूस घरातील कपाटाचा साठा मात्र कधीच मोजत नाही.

सूनबाईंनी पुढे आपला मनोदय सांगितला. दिवाळीपर्यंतचे दिवस निवडक पंधरा कपड्यांत काढायचे, आणि ते टापटीप दिसतील असे. बाबूजी काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “विचार चांगला आहे बेटा. पण उद्या गावाने हाच विचार केला, तर आपल्या गल्ल्यात काय पडेल?”

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. दुकानावर तीन कुटुंबे आणि चार नोकर अवलंबून. वर्षाच्या विक्रीतील मोठा हिस्सा घटस्थापना ते भाऊबीज एवढ्या दिवसांत होतो. कमी घ्या असे सांगणे म्हणजे आपल्याच ताटातील पोळी कमी करणे, ही भीती त्यामागे होती.

तिचे एक उत्तर आपल्या आगमांतच आहे. उपासकदशांग सूत्रात भगवान महावीरांच्या दहा श्रावकांची चरित्रे येतात. त्यांतील पहिले वाणिज्यग्रामचे आनंद श्रावक. त्यांची संपत्ती बारा कोटी सुवर्णमुद्रांची. चार कोटी कोषात, चार कोटी व्यापारात आणि चार कोटी घरसंसारात. शिवाय प्रत्येकी दहा हजार गायींचे चार गोकुळ. अशा श्रीमंत गृहस्थाने श्रावकव्रते घेताना आपल्या उपभोगाच्या वस्तूंची मर्यादा एकेक करून ठरवली. वस्त्रांच्या बाबतीत त्यांनी क्षौमवस्त्राची एक जोडी ठेवून बाकीच्यांचा त्याग केला. टीकाकारांनी त्याचा अर्थ सुती वस्त्राची जोडी असा केला आहे. त्यांनी व्यापार सोडला नाही, पेढी बंद केली नाही. मर्यादा घातली ती स्वतःच्या गरजांना. श्रावकांच्या रोजच्या चौदा नियमांतही वस्त्राचा स्वतंत्र उल्लेख आहे. आज किती वस्त्रे वापरीन, हे सकाळीच ठरवण्याची ही रीत आपल्या आजी-पणजींना मुखोद्गत होती.

दुसरे उत्तर दूरदेशीचे असले तरी व्यापाऱ्याला विशेष रुचेल असे आहे. थोड्या, एकमेकांशी जुळणाऱ्या, टिकाऊ कपड्यांच्या संचाला पाश्चात्त्य जगात कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. ही कल्पना १९७०च्या दशकात लोकप्रिय केली ती लंडनमधील सुझी फॉ या बाईंनी, आणि त्या होत्या कपड्यांच्या दुकानदार! पुढे १९८५ साली अमेरिकेत डोना कॅरन यांनी अवघ्या सात कपड्यांचा संच बाजारात आणून नाव मिळवले. म्हणजे कमी कपड्यांचा विचार कोणा व्यापारविरोधकाने नव्हे, तर गल्ल्यावर बसणाऱ्या माणसांनीच पुढे नेला. गिऱ्हाइकाला दहा निरुपयोगी वस्तूंऐवजी तीन उपयोगी वस्तू दिल्या, तर ते पुन्हा त्याच दारी येते, हे त्यांनी ओळखले होते.

सुप्याच्या घरात निवड सुरू झाली ती हवामान पाहून. सुती कापड हवेतील ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवते. पॉलिस्टर जेमतेम अर्धा टक्का. म्हणूनच आश्विनातल्या दुपारी पॉलिस्टरचा झगमगीत कुर्ता अंगाला चिकटतो आणि साधा कॅम्ब्रिकचा कुर्ता सुखावतो. मात्र निव्वळ मलमल लवकर चुरगळते, कचेरीत दुपारपर्यंत तिची रया जाते. त्यामुळे कचेरीसाठी किंचित जाड पोताचे, घट्ट विणीचे सूत आणि घरासाठी मलमल, अशी विभागणी झाली.

नंतर रंग. मोतिया, गडद निळा, मेंदी आणि विटकरी असे चार रंग ठरले. हे चौघे एकमेकांशेजारी शोभतात आणि महामार्गावरची धूळही त्यांवर फारशी उठून दिसत नाही. अपवाद मोतियाचा, पण त्याने चेहऱ्याला उजाळा येतो म्हणून तो राखला. चार रंगांचे चार कुर्ते, तीन सलवारी आणि तीन ओढण्या. गुणाकार केला तर दहा कपड्यांतून छत्तीस जोड होतात. घटस्थापनेपासून भाऊबीजेपर्यंतचा महिना त्यात सहज निघतो. यांखेरीज कार्यक्रमांसाठी दोन सुती साड्या, पहाटेच्या गारव्यासाठी एक पातळ जाकीट आणि एक सुती शाल, आणि पावसात भिजले तरी तासाभरात वाळेल असा एक जादा कुर्ता. पंधरा झाले. पायांत चामड्याऐवजी कापडी बूट आणि पावसाळी सँडल.

साड्यांपाशी सासूबाईंनी लक्ष घातले. जिल्ह्याला आता ज्यांचे नाव लाभले आहे, त्या अहिल्यादेवींचा जन्म १७२५ साली जामखेड तालुक्यातील चौंडीचा. त्यांच्या आश्रयाने महेश्वरचे विणकाम बहरले. महेश्वरी साडी हलकी, नीटस काठांची, घडीला चोख आणि दिवसभर नेसली तरी भारदस्त दिसणारी. पारंपरिक महेश्वरीत उभा धागा रेशमाचा असतो. परंतु संपूर्ण सुती महेश्वरीही विणली जाते. सासूबाईंनी तीच निवडण्याचा आग्रह धरला. एका रेशमी साडीमागे हजारो कोष उकळले जातात, आतील जिवासकट. अहिंसेचे व्रत सांगणाऱ्या घरांत लग्नकार्याच्या वेळी हा विचार सोयीस्करपणे बाजूला ठेवला जातो, हे कटू असले तरी खरे आहे.

त्यांच्या स्वतःच्या कपाटात मात्र त्यांच्या सासूबाईंची पैठणी होती. ती काढून टाकण्याचा विषय निघताच त्यांचे डोळे भरून आले. “ती नेसणार नाही, पण देणारही नाही,” असे त्या म्हणाल्या. त्यावर कोणी वाद घातला नाही. यापुढे नवे रेशीम घ्यायचे नाही, एवढी मर्यादा त्यांनी घातली आणि पैठणी जुन्या सुती पंचात गुंडाळून होती तेथेच ठेवली. मर्यादेचे व्रत प्रत्येकाने आपल्या शक्तीप्रमाणे घ्यायचे असते.

खरी कसोटी नवरात्रात लागली. वृत्तपत्रांनी रूढ केलेले नऊ दिवसांचे नऊ रंग आता कारखान्यांच्या कचेऱ्यांतही शिरले आहेत. पूर्वी सूनबाई दरवर्षी त्यातील चार-पाच रंग नवे घेत आणि पुढील वर्षी रंगांचा क्रम बदलला तरी त्यांतला एखाद-दुसराच उपयोगी पडे. या खेपेस त्यांनी जे रंग घरात होते ते घातले आणि इतर दिवशी केवळ त्या रंगाच्या बांगड्या. पहिल्या दोन दिवशी मैत्रिणींनी विचारले. तिसऱ्या दिवसापासून कोणाच्या लक्षातही आले नाही. लोक आपल्याकडे किती बारकाईने पाहतात, याविषयीचा आपला अंदाज फार फुगवलेला असतो.

कपडे थोडे असले की त्यांची निगा राखता येते, हा आणखी एक लाभ. आपले साधू-साध्वी दिवसातून दोन वेळा आपल्या वस्त्रांची पडिलेहणा करतात. एखादा सूक्ष्म जीव राहून विराधना होऊ नये म्हणून प्रत्येक वस्त्र उलगडून पाहतात. हे शक्य होते ते वस्त्रे मोजकी असल्यामुळे. गृहस्थाच्या ठासून भरलेल्या कपाटात भाद्रपदातील दमट हवेने बुरशी धरते, कसर लागते. मग डांबराच्या गोळ्या टाकल्या जातात आणि जिवांची हिंसा होते. याच्या उलट पंधरा कपडे आठवड्यातून एकदा उन्हाचा कवडसा दाखवून, बटणे आणि शिवण तपासून, परीटघडी करून ठेवणे अर्ध्या तासाचे काम आहे. टापटीप दिसण्याचे रहस्य किमतीत कमी आणि इस्त्रीत अधिक असते.

किमतीचा हिशेबही सूनबाईंनी मांडला. अठराशे रुपयांचा चांगल्या सुताचा कुर्ता साठ वेळा घातला तर प्रत्येक वेळी तीस रुपये पडतात. सहा हजारांचा घागरा दोन लग्नांत घालून कपाटात गेला तर एका वेळेस तीन हजार. पहिला महाग की दुसरा, हे ज्याचे त्याने ठरवावे. उरलेल्या कपड्यांतील धडके तेवढे धुऊन, इस्त्री करून, दिवाळीपूर्वी ऊसतोडणीला निघणाऱ्या कुटुंबांना देण्यात आले. विरलेले कपडे मात्र कोणाला दिले नाहीत. त्यांच्या गोधड्या शिवून घेतल्या. आपल्याला नकोसे झालेले फाटके दुसऱ्याच्या हाती ठेवणे हे दान नव्हे.

आता दुकानाविषयी. बाबूजींनी त्या वर्षी झगमगीत संचांची मागणी एक तृतीयांशाने कमी केली आणि त्या रकमेतून चार-पाच जुळणाऱ्या रंगांतील उत्तम सुती कापड मागवले. दुकानाच्या दर्शनी भागात कुर्ता, सलवार आणि ओढण्यांचे जुळणारे संच मांडले आणि एकातून किती जोड होतात ते गिऱ्हाइकाला मांडून दाखवण्याचे काम नोकरांना शिकवले. काही जुनी गिऱ्हाइके जरीचा माल मिळाला नाही म्हणून थेट नगरच्या कापड बाजारात गेली. दिवाळीची एकूण विक्री मागील वर्षाहून थोडी कमीच भरली. पण पाडव्यानंतर शिल्लक राहिलेला माल निम्म्यावर आला, व्यापाऱ्यांची देणी मुदतीत फिटली आणि बँकेच्या व्याजाचा बोजा हलका झाला. कारखान्यांत नोकरी करणाऱ्या मुली मात्र पगार झाल्यावर दर महिन्याला एखादा नग घेण्यासाठी येऊ लागल्या. नुकसान झाले की नफा, याचा निर्णय एका हंगामावर करता येत नाही, असे बाबूजी म्हणतात. पुढील हंगामाची मागणी त्यांनी त्याच प्रमाणात नोंदवली आहे.

ज्या कुटुंबांना हा प्रयोग करावासा वाटेल त्यांनी आरंभी काही खरेदी करू नये, काही टाकूही नये. पितृपंधरवड्याचे दिवस त्यासाठी उत्तम. एक वही घ्यावी, कपाट रिकामे करावे आणि दुकानातील साठा मोजतो तसा मोजावा. कोणता कपडा वर्षभर हललेला नाही, कोणता घालताना टोचतो, कोणता केवळ भिडेखातर ठेवला आहे, हे लिहून काढावे. त्यानंतर स्वतःच एक आकडा ठरवावा. तो पंधराच असला पाहिजे असे नाही. तीस असेल, पन्नास असेल. आकडा ठरला की नवा कपडा आत येताना एक जुना बाहेर जाईल, एवढी शिस्त पाळावी. बाबूजींनी स्वतःपुरता चार सदरे, तीन पँटी आणि स्थानकासाठी दोन झब्बे-पायजमे असा नऊचा आकडा धरला आहे. दुकानातून घरासाठी नेलेले कापडही ते आता रीतसर बिल करून नेतात.